होस्टेलच्या चॅटमध्ये आलेली लिंक

होस्टेल छोटंसं, उबदार. बंक बेडची डॉर्म, सामायिक स्वयंपाकघर, आधी राहून गेलेल्यांचे अभिप्रायही उत्तम. बुकिंगच्या ॲपवर त्यांच्याशी माझं बोलणंही झालं होतं: रात्री उशीर होईल, दाराचा कोड पाठवा वगैरे. पोहोचायच्या आदल्या संध्याकाळी त्याच चॅटमध्ये, त्यांच्या उत्तराच्या खालीच, मेसेज आला. ‘कार्डाची पडताळणी झालेली नाही, २४ तासांत करा, नाहीतर बुकिंग रद्द होईल.’ माझं नाव, तारखा, बुकिंग क्रमांक, सगळं बरोबर. लिंकवरचं पानही हुबेहूब ॲपसारखं. पैसे कापणार नाही, तात्पुरते रोखून लगेच सोडू, असं तिथे ठळक लिहिलेलं. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, मग ओटीपी. मुक्कामाच्या भाड्याच्या कितीतरी पट रक्कम गेली, तीही भलत्याच नावाने.

रिसेप्शनवरच्या मुलाला फोन दाखवला, तर त्याला नवलही वाटलं नाही. आणखी काही पाहुण्यांना असेच मेसेज गेले होते म्हणे. मग उरलेल्यांना सावध का केलं नाही? चोरांपेक्षा मला याचाच जास्त राग आला.

यात चोर बहुधा ॲपच्या कंपनीत घुसतच नाहीत, होस्टेलच्या कॉम्प्युटरमध्ये घुसतात. पाहुणा असल्याचं भासवून काउंटरवरच्यांना मेल करायचा, सोबत ‘ही कागदपत्रं पाहा’ म्हणून फाइल. ती उघडली की पासवर्ड चोरांकडे. पुढचे मेसेज होस्टेलच्या खऱ्या खात्यातूनच येतात, त्यामुळे पाठवणारा कोण हे पाहून काही कळत नाही.

पाहायचा तो लिंकचा पत्ता. सुरुवातीला ओळखीचं नाव कोणीही घुसडू शकतं. ‘डॉट कॉम’सारख्या शेपटाला लागून कोणतं नाव आहे ते वाचा. कुलपाच्या चिन्हावर तर अजिबात जाऊ नका, ते चोरांच्या साइटलाही मिळतं.

बँकेने कार्ड लगेच बंद केलं, पण तक्रारीवर उत्तर आलं की ओटीपी टाकलाय, म्हणजे व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. अर्ज अजून चालू आहे.

असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. ॲप बंद करून पुन्हा उघडा आणि बुकिंगच्या पानावर खरंच काही बाकी दिसतंय का बघा. होस्टेलला फोन करायचा तर नंबर त्या मेसेजमधला घेऊ नका, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा घ्या. आणि सोय असेल तर ‘पोहोचल्यावर पैसे’ हाच पर्याय निवडा.