स्टीलची कॅप की पांढरी?
दुधाच्या दाढेचं रूट कॅनल झालं की डॉक्टर विचारतात, स्टीलची कॅप की झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची? पांढरी दिसायला झकास, पण तिच्यासाठी डॉक्टरांना दात जास्त घासून लहान करावा लागतो, पैसेही जास्त. स्टीलची चिवट, 10-12 व्या वर्षी दाढ पडेपर्यंत सहसा टिकते. मागच्या दाढेला मी स्टीलच घेईन, चमकली तर चमकली. समोरच्या दातांना मात्र पांढरी.

कॅप कुठलीही असो, कीड तिच्या कडेला, हिरडीपाशी लागते. म्हणून मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत रात्रीचा ब्रश आपणच करायचा. तीन वर्षांपुढे फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी. आणि गुऱ्हाळावरचा चिकट गूळ? कोल्हापुरात पोराला आवरणं अवघडच, पण चिक्की-गुळानं दोन्ही कॅपा निघू शकतात. काकवी द्या, जेवतानाच, चपातीबरोबर.