बारा फुटी सर्फ सेट: देवबागच्या मुखावर, थंडीतल्या रात्री

‘सर्फ फिशिंग कॉम्बो’, म्हणजे किनाऱ्यावरून लाटांपलीकडे गरी टाकायचा तयार सेट, हल्ली सगळीकडे मिळतो. ३.६ मीटरची टेलिस्कोपिक दांडी, ५००० साइजचं रील, त्यावर आधीच गुंडाळलेली दोरी, गळांची डबी, चार-पाच शिसं, एक घंटी, एक हेडलॅम्प आणि हे सगळं कोंबायला पिशवी. किंमत साधारण तीन-चार हजार. नावं निरनिराळी असली तरी माल जवळपास एकाच साच्यातला, म्हणून ब्रँडचं नाव इथे घेतलेलं नाही. जेटीवर दुपारचे दोन तास गरी टाकून बसायला यातलं काहीही चालतं. खरी परीक्षा नदीच्या मुखावर होते: डिसेंबर-जानेवारीची रात्र, ओहोटीची ओढ, पायाखाली वाळू आणि पहाटे सगळ्यावर दव. त्या परीक्षेत दांडी बऱ्या मार्कांनी पास, रील काठावर पास, आणि उरलेला सेट नापास.

आधी जागेबद्दल, कारण ती कळल्याशिवाय सामानाची तक्रारही कळत नाही. मालवण तालुक्यात कर्ली नदी देवबागच्या टोकाला समुद्राला मिळते. समोरचा काठ भोगव्याचा. थंडीत रात्री मतलई वारा सुटतो, म्हणजे समुद्राकडे तोंड केलं की वारा पाठीवर. फेक आपोआप लांब जाते आणि लाटही दबते. इथपर्यंत सगळं सोपं. अडचण आहे ती पात्र आवळतं तिथल्या प्रवाहाची. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, ओहोटीत खाडीतलं सगळं पाणी त्या चिंचोळ्या वाटेनं बाहेर पडतं, पालापाचोळा आणि प्लास्टिक घेऊन, आणि आपली दोरी बरोबर त्याच्या आडवी असते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत उलटं: पाणी इतकं मंद की आमिषाचा वास पसरतच नाही.

म्हणून मधल्या तिथ्या पाहायच्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब; तो मुंबईला चांगला जुळतो, मालवणकडे भरती त्याच्या आधी येते. कृष्ण द्वादशी धरा. बारा पाऊणे नऊ, म्हणजे मुंबईला रात्री नऊच्या सुमारास भरती, इथे त्याआधी. चंद्र उगवायला पहाट होते, त्यामुळे काळोखही पुरेसा. भरतीचे शेवटचे दोन तास आणि पाणी फिरल्यानंतरचा पहिला तास, एवढाच वेळ मन लावून बसायचा. त्यानंतर शिसं जागेवर ठेवण्यातच रात्र जाते.

आता दांडी. मिटली की पाऊण मीटरच्या आसपास, एसटीच्या सीटखाली मावते, आणि हा तिचा सर्वात मोठा गुण आहे. तीन तुकड्यांची दांडी हिच्यापेक्षा केव्हाही सरस, पण ती सव्वा मीटरची लांब पिशवी घेऊन दुचाकीवर जाऊन बघा. उंचीचा फायदा इथे अंतरासाठी कमी आणि काठावरच्या फुटणाऱ्या लाटेवरून दोरी उचलून धरण्यासाठी जास्त. पात्र आवळतं तिथे खोली काठाच्या जवळ येते. चाळीस-पन्नास मीटरची फेक पुष्कळ होते. शंभर मीटरची हौस असणारे बहुतेक वेळा माशांच्या डोक्यावरून पलीकडे फेकतात.

दांडीवर ‘८० ते १५० ग्रॅम’ छापलेलं असलं तरी १५० विसरा. शंभराचं शिसं आणि वर तीस ग्रॅमचं आमिष, ही हिची खरी मर्यादा. त्यापुढे मधले सांधे फेकताना लवतात आणि टोक उशिरा सरळ होतं. फेकही डोक्यावरून, सावकाश जोर वाढवत. वाळूवरून झटक्यानं उचलून मारायची फेक टेलिस्कोपिक दांडीला झेपत नाही. सांध्याशी चीर जाते.

उघडताना टोकाचा भाग आधी, मिटताना जाड भाग आधी. उलट केलं तर पातळ टोक मधेच अडकून मोडतं. प्रत्येक सांधा थोडा पिळून घट्ट करायचा आणि दोरी ज्यांतून जाते त्या सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का ते बुडाकडून एक डोळा मिटून पाहायचं. अंधारात हेच राहून जातं. एक कडी बोटभर फिरलेली असली तरी दोरी दांडीला घासते आणि फेक दहा-पंधरा मीटरनं आखडते.

वाळू हा हिचा खरा शत्रू. सांध्यात चार कण गेले की सकाळी दांडी मिटत नाही. पक्कड लावू नका, कार्बन असो वा फायबर, चुरा होतो. आधी सांध्यावर गोडं पाणी ओता, मग दोन्ही हातांत रबरी हातमोजे घालून पिळा. तरीही हटली नाही तर दांडी उभी धरून बूड लाकडी फळीवर हलकेच ठोकायचं. यात साधारण निघते. मुळात दांडी वाळूवर आडवी ठेवली नसती तर ही वेळ आली नसती, पण त्याबद्दल पुढे.

रील दिसायला भारी. पेटीवर बेअरिंगची मोठी संख्या छापलेली असते. तिकडे लक्ष देऊ नका. पाहायचे ते दोनच भाग: लाइन रोलर आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी बेतानं सोडणारा ब्रेक. दोरी ज्यावरून वळते तो छोटा रोलर खाऱ्या पाण्यानं सर्वात आधी जाम होतो. तो फिरायचा थांबला की दोरी एकाच जागी घासते, आणि मासा लागल्यावर नेमकी तिथेच तुटते. दर फेरीनंतर त्यावर तेलाचा एक थेंब, एवढंच. ड्रॅगच्या चकत्या फेल्टच्या असतात. ओल्या झाल्या की सुरुवातीला अडकतात आणि मग एकदम सुटतात. रावस पहिल्या धावेत दोरी तोडतो तो यामुळे. आणि बेल, म्हणजे दोरी अडवणारी तारेची कमान, हातानं बंद करायची, हँडल फिरवून नाही. स्वस्त रीलची बेल फेकीच्या मध्येच मिटते, आणि शंभर ग्रॅमचं शिसं दोरी तोडून काळोखात कुठे जाईल याचा नेम नाही. मागे-बाजूला कोणी नाही ना, हे दर फेकीला बॅटरी मारून पाहावं.

घरी आल्यावर रील बादलीत बुडवू नये, नळाच्या जोरदार धारेखालीही धरू नये; त्यानं मीठ आत ढकललं जातं. ड्रॅग घट्ट पिळायचा, वरून झारीसारखं गोडं पाणी सोडायचं, झटकून पुसायचं, आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण ढिला करून ठेवायचा.

दोरी मात्र पहिल्याच दिवशी काढून टाका. रीलवर येतो तो ०.४५ मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस (नायलॉनची एकपदरी दोरी), तोही कारखान्यातून आल्यापासून स्प्रिंगसारखा वळलेला. ताकदीला तो कमी नाही, दोष जाडीचा आहे. प्रवाहाचा रेटा दोरीच्या जाडीबरोबर वाढतो आणि पाण्याच्या वेगाच्या वर्गानं वाढतो. पाणी दुप्पट वेगात आलं की रेटा चौपट. पन्नास मीटर जाड दोरी ओहोटीत आडवी धरली म्हणजे पाल उभारल्यासारखंच, शिसं वाहतंच. त्याऐवजी ०.२० मिलिमीटरचं, ३० पौंडी ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली दोरी) घातलं तर रेटा निम्म्याहून कमी होतो. ब्रेड ताणत नाही, त्यामुळे दूरवरची टोचही टोकावर दिसते. मात्र ब्रेडचा गुंता रात्री हेडलॅम्पच्या उजेडात सुटत नाही, कापावाच लागतो. नवशिक्यानं पहिला हंगाम ०.३२ किंवा ०.३५ च्या तंगुसावर काढावा. थोडं शिसं वाहील, पण रात्र गाठी सोडण्यात जाणार नाही.

दोन्हींच्या पुढे शॉक लीडर, म्हणजे टोकाला जोडायचा जाड दोरीचा तुकडा, हवाच, आणि सेटमध्ये तो नसतोच. हिशेब सोपा: शिशाच्या दर औंसाला, म्हणजे २८ ग्रॅमला, १० पौंड. शंभर-सव्वाशे ग्रॅमसाठी ४५ ते ५० पौंडी, म्हणजे ०.६० मिलिमीटरचा तंगूस. लांबी दांडीच्या दुप्पट, शिवाय स्पूलवर पाच-सात वेढे बसतील इतकी. फेकीचा झटका तोच सोसतो. माशाच्या बाजूनंही त्याचं काम आहे: जिताड्याच्या गालफडाची कड सुरीसारखी धारदार असते, बारीक दोरी ती सहज कापते.

शिशांचा प्रकार तर या जागेसाठी अगदी चुकीचा आहे. सेटमध्ये येतात ती पेरूच्या आकाराची, गोल. वाळूच्या तळावर ती गोट्यांसारखी लोळतात आणि पाच मिनिटांत आमिष काठाला येऊन लागतं. इथे पिरॅमिड लागतो, शंभर ग्रॅमचा. ओढ वाढली की वजन वाढवण्यापेक्षा चार तारांचं, वाळूत नांगरासारखं रुतणारं शिसं लावावं. ८० ग्रॅमचं तारांचं शिसं १२० च्या साध्या शिशापेक्षा चांगलं टिकतं. तेही टाकायची एक रीत आहे. समोर फेकायचं नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला फेकायचं. शिसं तळाला लागलं की लगेच दोरी ताणायची नाही. उलट आठ-दहा मीटर जास्त सोडायची. पाण्यात दोरीची कमान होते, ती शिशाला खालच्या अंगानं ओढते आणि तारा रुततात. दोरी ताठ ठेवली की ओढ वर उचलते आणि शिसं सुटतं. मासा लागल्याची खूणही यात उलटी असते: टोक वाकत नाही, ताणलेली दोरी अचानक ढिली पडते.

गळांच्या डबीत बारीक नंबर भरलेले असतात, सहा, आठ, दहा. मुडदुशीला ते झकास. कोळंबीचा सोललेला तुकडा लावून काठापासून वीस मीटरवर टाकले की काम होतं. रावस, तांबोशी, जिताडा यांना २/० किंवा ३/० चा सर्कल गळ (आत वळलेल्या टोकाचा) वेगळा घ्यावा लागतो. घेतल्यावर तो लाकडात रुतवून वजनकाट्यानं ओढून पाहा. सात-आठ किलोला उघडला तर परत करा. रावसाच्या कल्ल्यामागच्या परांखाली चार सुटे धागे असतात, त्यांनी तो गढूळ काळोखातही आमिष चाचपून शोधतो. त्यामुळे आमिष ताजं आणि तळाशी टिकणारं हवं: जिवंत कोळंबी, नाहीतर पेडव्याची किंवा तारलीची तिरकी कापलेली पट्टी, बारीक इलॅस्टिक दोऱ्यानं दहा-बारा वेढे देऊन बांधलेली. नुसती टोचलेली तारली फेकीतच गळून पडते आणि माणूस तासभर रिकामा गळ राखत बसतो.

घंटी काढून टाका. प्रवाहात ती अखंड वाजते आणि मग तिच्याकडे लक्ष देणं बंद होतं. टोकाला पाच-दहा रुपयांची उजेड देणारी रासायनिक कांडी टेपनं बांधली की रात्र निघते. हेडलॅम्प फक्त पांढरा. पाण्यावर पडला की उथळातले मासे पळतात, आणि डोळ्यांना अंधार परत सरावायला वीसेक मिनिटं लागतात. लाल दिव्याचा वेगळा घ्यावा. काही थंडीत पाण्यात निळसर चमक भरते, दोरी पाणी कापते तिथेही रेघ उजळते. दिसायला फार सुंदर, पण त्या रात्री जाड दोरीला मासा शिवत नाही. पिशवीची चेन खाऱ्या हवेत लवकर अडकते.

सेटमध्ये जे नाही त्याची किंमत सर्वात कमी आहे: वाळूत रोवायचा खुंटा. दोन इंची पीव्हीसी पाइप चार फूट, एक टोक तिरकं कापलेलं, वरून एक फुटावर आरपार बोल्ट, म्हणजे बूड खाली घसरत नाही आणि रील वाळूपासून वर राहतं. दीड फूट तरी रोवा. मासा सोडाच, नुसती पाण्याची ओढसुद्धा उथळ रोवलेली दांडी पाण्यात नेते. खुंटा मुखाच्या अगदी कडेला नको. ओहोटीत ती वाळू खालून पोखरते आणि माणसासकट ढासळते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील किंवा कोणी पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकत असेल तर दांडी दूर लावायची, हे सांगायची गरज पडू नये.

थर्मॉसमध्ये चहाबरोबर थोडं साधं गरम पाणीही असू द्या. शिंगाळ्याच्या पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात, पाकटाच्या शेपटीतलाही. लागलं तर जखम स्वच्छ करून सोसेल इतक्या गरम, पण ४५ अंशांच्या आतल्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची आणि मग डॉक्टरकडे. शिंगाळा हातानं सोडवू नये, लांब पकडीनं गळ उलटा करावा.

दुकानात सेट हातात घेऊन पाहता आला तर एक काम नक्की करा. कानातली काडी घ्या आणि प्रत्येक कडीच्या आत चिनी मातीच्या कड्यावर गोल फिरवा. कापूस कुठे अडकला तर तिथे चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. टोकाची कडी आधी तपासा, वाहतुकीत तीच पहिली फुटते.