उंची व्हिक्टोरियन कॉर्सेट शिवताना: पोलादी पट्ट्या की व्हेलबोनचा पर्याय?

1880 ते 1900 या काळातला उंची कॉर्सेट, म्हणजे नाड्यांनी कंबर आवळणारी ताठ चोळी, शिवायला घेतला की बहुतेक जण आधी कापड शोधायला निघतात. मी म्हणेन, आधी कापड ताठ ठेवणारी आतली पट्टी ठरवा. कळ्या (कापडाचे उभे तुकडे) किती काढायच्या, पट्टी सरकवायचे नेफे किती रुंद ठेवायचे, हे सगळं तिच्यावर अवलंबून असतं.

मूळ महागड्या कॉर्सेटांत व्हेलबोन असायचं. नावात हाड असलं तरी ते हाड नव्हे. देवमाशाच्या तोंडात अन्न गाळून घेणाऱ्या ज्या झालरी असतात, त्यांच्या या पट्ट्या. द्रव्य आपल्या नखांचंच, केराटिन. व्हेलबोन उभं चिरलं की सरळ चिरत जातं, त्यामुळे अगदी अरुंद पट्ट्या निघतात. ऊब लागली की ते मऊ होतं, अंगाचा बाक घेतं आणि तो धरून ठेवतं. त्या काळच्या उंची कॉर्सेटांवर शेजारी शेजारी बारीक नेफ्यांची जी दाटी दिसते, ती या गुणामुळे शक्य झाली.

देवमासे आता संरक्षित आहेत, त्यामुळे खरं व्हेलबोन वापरण्याचा प्रश्नच नाही. उरतात दोन पर्याय: पोलाद आणि जर्मनीत बनणारं कृत्रिम व्हेलबोन.

पोलादाची बाजू भक्कम आहे. नाड्या घट्ट आवळल्या तरी पट्टी सहसा मोडत नाही. रोज प्रयोग असलेल्या नाटकासाठी, किंवा कंबर खरोखर बरीच आत घ्यायची असेल तर मी पोलादच घेईन. पण सपाट पट्टी पुढे-मागे वाकते, बाजूला वळत नाही. नितंबावर शिवण तिरकी जाते तिथे ती कापडाशी भांडते. मी एकदा सहा कळ्यांच्या साटिनच्या कॉर्सेटमध्ये 12 मिलिमीटरच्या पट्ट्या घातल्या. नाड्या ओढल्याबरोबर बाजूच्या साटिनवर लाटा उठल्या आणि दोन दिवसांची शिलाई उसवावी लागली. स्प्रिंगसारख्या गुंडाळीच्या पट्ट्या बाजूलाही वळतात, पण त्या 20व्या शतकातल्या. शिवाय पोलाद घामाने गंजतं आणि रेशमावर त्याचा डाग पडला की जात नाही.

कृत्रिम व्हेलबोन कात्रीने कापता येतं, टोकं कानशीने गोल करता येतात, आणि अंगाच्या उबेने तेही आकार घेतं. 5 मिलिमीटरची पट्टी घेऊन एका कळीवर तीन-चार नेफे सहज बसवता येतात. मात्र स्वस्त प्लास्टिक घेऊ नका. ते कमरेशी एकदा मुडपलं की कायमचं मुडपतं. इस्त्रीही जपून करा.

‘पर्याय वापरला म्हणजे खोटं केलं’ असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. व्हेलबोन महाग होत गेलं तसे त्या काळच्या कारखानदारांनीच पर्याय शोधले. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने 1881 मध्ये वनस्पतीच्या धाग्यांचं ‘कोरालाइन’ आणलं. मग 1883 मध्ये टर्कीच्या पिसांच्या दांड्यांपासून ‘फेदरबोन’ निघालं.

पुढचा बस्क, म्हणजे समोर मधोमध कॉर्सेट लावायच्या-उघडायच्या ताठ पट्ट्यांची जोडी, मात्र कोणत्याही परिस्थितीत पोलादीच हवा, आणि मागे नाडीच्या भोकांशेजारच्या पट्ट्याही. 1880च्या दशकातला घाट हवा असेल तर खाली पळीसारखा रुंदावणारा बस्क घ्या. तो 1873 पासूनचा.

कापडाचं थोडक्यात सांगते. वर रेशमी साटिन, खाली कूटिल, म्हणजे कॉर्सेटसाठीचं घट्ट विणीचं मजबूत कापड, ते न मिळाल्यास जाड सुती ड्रिल. दोन्ही थर एकच कापड समजून शिवा आणि कमरेवर आतून न ताणणारी आडवी फीत घाला.

वेळ द्यायचा तो फ्लॉसिंगला, म्हणजे पट्टीच्या टोकांवरच्या टाक्यांना. पट्टी नेफ्याच्या टोकाला सतत रेटत असते, आणि कापड आधी फाटतं ते तिथेच. म्हणून टोकाशी पीळदार रेशमाचे टाके पट्टीच्या दोन्ही बाजूंनी सगळ्या थरांतून काढून पंख्यासारखे एकमेकांवरून नेतात. पट्टी जागच्या जागी कुलूपबंद होते. लांबून ते नुसतं भरतकाम वाटतं. अरुंद पट्टीवर ते सुबक बसतं, रुंद पोलादावर टाके लांबतात आणि सैल पडतात.

म्हणून समारंभासाठी, छायाचित्रांसाठी किंवा मूळ वस्तूच्या जवळ जायचं असेल तर अंगभर कृत्रिम व्हेलबोन आणि बस्क व नाडीपाशी पोलाद, असंच मी सुचवेन. फिटिंगला घालून अर्धा तास वावरा, पट्ट्या अंगाला बसू द्या, आणि मगच वरच्या-खालच्या कडा आखा.