हॉथॉर्नचे सुकवलेले काप: चव एक नंबर, पण लेबलवर विसंबू नका

आमच्या आण्णांना बीपी आहे, त्यांना कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की हॉथॉर्नचा (हे एक काटेरी झाड, त्याच्या आंबट लाल फळांचे काप सुकवून विकतात) चहा हृदयाला लई चांगला, मग काय, ऑनलाइन मागवलं. लातूरला वेळेवर आलं, पॅकिंग चांगलं. पाकिटावर झऱ्याचा फोटो आणि मोठ्या अक्षरात 'हिमालयातल्या ओढ्याकाठची जंगली फळं'.

आता काप हातात घेऊन नीट बघा. दोनेक सेंटीमीटरचे गोल, कडा आत वळलेल्या, साल गडद लाल आणि तिच्यावर पांढुरके ठिपके, मधे बियांच्या खाचा. मी बीएस्सीला बॉटनी केलीय, मला इथंच शंका आली. एवढं मोठं ठिपकेदार फळ म्हणजे क्रॅटेगस पिनाटिफिडा (क्रॅटेगस हे हॉथॉर्नच्या गटाचं शास्त्रीय नाव), चीनमधे बागा लावून पिकवतात, बीजिंगकडं हीच फळं काडीला टोचून साखरेच्या पाकात बुडवून विकतात. आपल्या कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात ओढ्यानाल्याच्या कडेनं जे काटेरी झुडूप दिसतं ते घिंगारू, हॉथॉर्नचं जवळचं नातलग, पूर्वी त्याला क्रॅटेगसमधेच धरायचे. त्याचं फळ वाटाण्याएवढं, केशरी-लाल, त्याचे असे काप पडणारच नाहीत. काश्मीरकडं खरा जंगली हॉथॉर्न आहे पण त्याचं फळ पिकलं की काळपट होतं. विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं 'शंभर टक्के नॅचरल', बास. अहो चीनचं फळ असेल तर चीनचं लिहा ना, त्यात काय वाईट आहे? पण लेबलवर फळाचं शास्त्रीय नाव नाही, कुठून आलं ते नाही, आणि किंमत मात्र जंगली मालाची.

चवीला पूर्ण मार्क. आंबट, थोडं तुरट, मागून हलकी गोडी, आईला पहिल्या घोटालाच बोरकूट आठवलं. मूठभर काप दोन कप पाण्यात दहा मिनिटं उकळायचे, गूळ टाकायचा, रंग लालसर सुंदर येतो. आणि या फळात पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा फळातला पदार्थ, भरपूर, त्यामुळं भिजवून शिजवून चाळणीतून गाळलं आणि गूळ घालून आटवलं तर वरून काही न घालता घट्ट जेली जमते, सुरीनं वड्या पाडता येतात, घरातल्या पोरांनी ताट पुसून खाल्लं. शिजवायच्या आधी बिया राहिल्या असतील तर काढा, आणि उपाशीपोटी पिऊ नका, पित्त उठतं.

हृदयाचं काय? पाकिटावर 'रामबाण' लिहिलंय ते चुकीचं आहे. हॉथॉर्नच्या अर्काची मोठी ट्रायल 2008 साली छापून आली, हार्ट फेल्युअरचे 2681 पेशंट, रोज 900 मिलिग्रॅम, दोन वर्षं, मुख्य निकालात ठोस फरक दिसला नाही. आणि तो होता पानाफुलांचा ठरावीक मापाचा अर्क, आपण उकळतो ते फळ. डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचाराच. आण्णांची गोळी आम्ही एक दिवसही बंद केली नाही, चहा ते आवडतो म्हणून पितात.

पाचपैकी तीन स्टार, दोन लेबलपायी कापले. घेतलंच तर काचेच्या बरणीत झाकण घट्ट लावून ठेवा, पावसाळ्यात काप लगेच सर्द होतात.