वावरातल्या डब्यात काय ठेवायचं: स्पिरिट, सॅनिटायझर की बीटाडीन?

मागच्या हंगामात सोयाबीन सोंगताना माझ्या चुलतभावाला विळा लागला. अंगठ्याच्या बुडाशी, बऱ्यापैकी खोल. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, स्पिरिटची बाटली होती, ती त्याने सरळ जखमेवर उपडी केली आणि असा ओरडला की शेजारच्या वावरातली माणसं धावत आली. "आग झाली म्हणजे जंतू मेले," असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. काही मेले असतीलही, पण आग होते ती आपल्याच उघड्या मांसाची. स्पिरिट जंतू आणि जखम भरून काढणाऱ्या पेशी असा भेद करत नाही.

यंदा पेरणीआधी त्यानेच विचारलं, "डब्यात एकच बाटली ठेवायची तं कोनती ठेवू?" त्याच्यासाठी जमवलेली ही तुलना. मेडिकलमध्ये उभं राहून विचार करणाऱ्या बाकीच्यांनाही चालेल.

आधी स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं, तसं अल्कोहोल जंतूंमधली प्रथिनं फाडतो आणि त्यांचं तेलकट आवरण विरघळवतो. हे काम सगळ्यात चांगलं होतं ते साधारण 70 टक्क्यांना. जवळजवळ शुद्ध अल्कोहोल उलट कमी पडतो, कारण प्रथिनं फाटायला पाणीही लागतं. पाणी नसलं तर जंतूचा वरचा थर झटकन गोठतो, आतवर काही पोचत नाही, आणि औषध तेवढ्यात उडूनही जातं. दुसऱ्या टोकाला, 60 टक्क्यांच्या खाली गेलं की भरवसा राहत नाही. म्हणून मोहाची पहिल्या धारेची जखमेवर ओतणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की हिच्यात किती टक्के आहे ते कोणी मोजलं? काढणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वावरातल्या माणसासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत बीजाणू होऊन, म्हणजे टणक कवचात झोपून, पडून असतात, आणि त्या बीजाणूंना अल्कोहोल काहीही करत नाही. विळ्याची, खिळ्याची, फाळाची जखम स्पिरिटने कितीही पुसली तरी धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवता येत नाही.

स्पिरिटला खरं काम आहे ते धड, कोरड्या कातडीवर. इन्सुलिन टोचण्याआधी पुसायला (आणि सुई लावण्याआधी ते वाळू द्यायचं, नाहीतर चुणचुणतं), थर्मामीटर पुसायला, बाभळीचा काटा काढायच्या चिमट्याला. इथे बीटाडीनपेक्षा ते सरस: लवकर वाळतं, डाग पडत नाही.

सॅनिटायझर म्हणजे तोच अल्कोहोल, हातावर थोडा वेळ टिकावा म्हणून घट्ट केलेला. बसस्टँडवर, दवाखान्यात ठीक. पण चिखलाने, ग्रीसने भरलेल्या हातांवर ते चोळणं म्हणजे चिखलच पसरवणं. आणि फवारणीनंतर भाकर खाण्याआधी सॅनिटायझर लावणारे पाहिले की माझा जीव वरखाली होतो. त्याने जंतू मरतात, कातडीवरचं औषध निघत नाही. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारताना विषबाधा होऊन माणसं दगावली, ते आपण विसरलेलो नाही. औषध काढायला साबण आणि भरपूर पाणीच लागतं.

आता बीटाडीन, म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. कपड्याला डाग पडतो, ही बायकांची तक्रार खरी आहे. पण उघड्या जखमेच्या कडेने लावायला ते स्पिरिटपेक्षा पुष्कळ सौम्य, आणि काम जास्त वेळ चालू ठेवणारं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी, आणि तान्ह्या बाळाला लावायचं असेल तर, आधी डॉक्टरांना विचारावं.

पण बाटल्यांच्या या भांडणात जिंकतो तो साबण, जो कोणी डब्यात ठेवतच नाही. कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग बीटाडीन, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस. मिरची, चुना, चहापत्ती काही भरायचं नाही. विळ्याच्या जखमेलाही हाच क्रम: धुणं, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवणं, मग औषध. साप चावला असेल तर मात्र धूत बसू नका. हात-पाय न हलवता माणसाला दवाखान्यात न्या.

घरातला एक जुना उपाय तुलनेतून बाद करतो: लेकराला ताप आला की कपाळावर स्पिरिटच्या घड्या, सर्दी झाली की छातीला ब्रँडी. बाळाची कातडी पातळ, अल्कोहोल आत शिरतो, वाफेतूनही जातो, आणि एवढ्याशा अंगाला तेवढा पुष्कळ होतो. साध्या पाण्याची घडी ठेवा.

स्पिरिट घ्याल तर मेडिकलमधूनच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातल्या पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मिथाइल अल्कोहोल असू शकतं. ते पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि डोळ्यांची नस जाते. त्रास बरेचदा काही तास उशिरा सुरू होतो, तोवर माणूस बरा आहे असं वाटत राहतं. 2021 च्या एप्रिलमध्ये, दारूची दुकानं बंद असताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन माणसं मेली. म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत स्पिरिट भरून ठेवू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. आणि आपल्याकडचा मे महिना आठवा: 45 अंशांत झाकण सैल राहिलं तर वाफ पसरते, चुलीजवळ पेट घेते, आणि ज्योत उन्हात नीट दिसतही नाही.

चुलतभावाचा डबा शेवटी असा भरला: साबणाची वडी, पाण्याची कॅन, बीटाडीनची लहान बाटली, धुतलेल्या सुती लुगड्याचे तुकडे. स्पिरिट बंडीतून काढलं. आता ते घरी, आजीच्या इन्सुलिनशेजारी, वरच्या फळीवर असतं.