ब्रह्मदेशातील विद्यार्थी चळवळीची कात्रणपेटी: बेळगावच्या एका वाचनालयाची सेवा

टिळकवाडीतल्या एका जुन्या वाचनालयात ही पेटी जागेवर बसून वाचायला मिळते. मंडालेमुळे तो देश आपल्याला परका नाही. पण टिळक मंडालेच्या तुरुंगातून 1914 साली सुटले आणि रंगून विद्यापीठाचा पहिला संप झाला 1920 मध्ये, म्हणजे ही चळवळ त्यांच्या तिथल्या वास्तव्यानंतरची.

सर्वांत भक्कम भाग 1962 चा. 7 जुलैला लष्कराने विद्यार्थ्यांवर गोळीबार केला, दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघटनेची इमारतच सुरुंगाने उडवली. 1988 च्या उठावानंतर विद्यापीठं बंद, 1996 च्या आंदोलनानंतर पुन्हा. मग पदवीचे वर्ग शहराबाहेर नेले, पोरं एकत्र जमू नयेत म्हणून. सोबतच्या नकाशावर ही अंतरं पाहताना जीव तुटतो.

सूची मात्र फुटलेली आहे. 1989 मध्ये देशाची आणि शहरांची नावं बदलली, त्यामुळे ‘रंगून’ आणि ‘यांगून’ दोन्हीखाली शोधा. पिवळी कात्रणं झेरॉक्समध्ये काळी येतात. खिडकीजवळ मोबाइलवर फोटो घ्या. खानापूर-निपाणीहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी फोन करून पेटी काढून ठेवायला सांगावी.

2021 च्या लष्करी सत्तापालटानंतर असहकारात उतरलेल्या शिक्षकांवर जेमतेम दोन कात्रणं आहेत. ही उणीव तातडीने भरायला हवी.