फ्लॅट दहा टक्के व्याज म्हणून लोन घेतलं, ते अठरा टक्क्याला पडलं, गाडी घेणाऱ्यांनी जरूर वाचा

थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण दसरा-दिवाळीला शोरूममध्ये गर्दी असते आणि त्या गर्दीतच हे होतं.

मी बार्शीत एका आडतीवर हिशेबाला आहे. दिवसभर दरातच असतो, तुरीचा भाव क्विंटलला किती, हमाली पोत्यामागं किती, तोलाई किती. शेतकरी माल टाकतो तेव्हा भाव ऐकून घेतो पण शेवटी एकच विचारतो, "हाती किती पडणार?" पट्टी, म्हणजे सगळं कापून हाती किती येणार त्याची चिठ्ठी, बघितल्याशिवाय कोणी उठत नाही. हे रोज बघणारा माणूस मी, आणि स्वतःच्या लोनला मी पट्टी मागितली नाही. त्याचं अजून वाईट वाटतं.

२०२४ च्या दसऱ्याला मिसेससाठी स्कूटर घ्यायची ठरली, तिची ड्युटी रात्री संपते आणि रिक्षा मिळत नाही. ऑन रोड १,१५,००० सांगितली, २५,००० आमच्याकडं होते, राहिले ९०,०००. त्याआधी आमच्या पतसंस्थेत विचारून आलो होतो, तिथं १४ टक्के, तीन वर्षं, हप्ता ३,०७६ बसत होता. शोरूममध्ये फायनान्सवाला पोरगा टेबल टाकून बसला होता, बोलायला एकदम गोड. म्हणाला, "सर पतसंस्था चौदा घेती, आपल्याकडं फ्लॅट दहा, अर्ध्या तासात गाडी ताब्यात." दहा आणि चौदा, कुणालाही दहाच कमी वाटणार. कागदावर त्यानं लिहूनच दाखवलं, ९०,००० चे दहा टक्के ९,०००, तीन वर्षांचे २७,०००, एकूण १,१७,०००, भागिले ३६, हप्ता ३,२५०. गणित बरोबर होतं हो, कुठं चूक नव्हती, म्हणून तर मी गप्प बसलो.

खरं तर तिथंच ३,०७६ आणि ३,२५० शेजारी शेजारी ठेवले असते तर सगळं कळलं असतं. रक्कम तीच, महिने तेच, आणि "कमी" व्याजवाल्याचा हप्ता १७४ रुपयांनी जास्त कसा? पण डोक्यात दहा टक्के बसलेले, मुहूर्त टळायला नको, मागं लोक हार घेऊन उभे, मिसेसच्या हातात पूजेचं ताट. सह्या करत गेलो. आणि गाडी बाहेर काढायच्या टायमाला सांगतात अजून ४,५०० भरा. कशाचे? तर प्रोसेसिंग २,३५०, डॉक्युमेंट ५०० आणि लोनचा विमा १,६५०. विम्याचं आधी कोणी एक शब्द बोललं नव्हतं. म्हणजे लोन ९०,००० चं पण खरं कामाला आले ८५,५००. भरले, काय करणार, गाडीला हार घातलेला.

वर्षभर हप्ते गेले, एकही चुकला नाही. गेल्या दिवाळीला बोनस आला, भिशीही लागली, ६० हजार जमले. म्हणलं लोन मिटवून टाकू. माझा हिशेब साधा, ९० हजार भागिले ३६ म्हणजे महिन्याला २,५०० मुद्दल, बारा महिन्यांत ३०,००० फिटले, राहिले साठ. ब्रँचला गेलो तर तिथल्या बाईंनी स्टेटमेंट काढून दिलं, बाकी मुद्दल ६५,१५०. वर मुदतीआधी बंद करायचा चार्ज चार टक्के म्हणजे २,६०६ आणि त्यावर जीएसटी ४६९. एकूण ६८,२२५.

मी म्हणलं मॅडम काहीतरी चुकलंय, दहा टक्के फ्लॅट आहे आमचं. त्यांनी शेड्यूल फिरवून माझ्यासमोर ठेवलं. पहिला हप्ता, ३,२५०, त्यात व्याज १,३४४ आणि मुद्दल फक्त १,९०६. आणि वर कोपऱ्यात बारीक इंग्रजीत दर १७.९२. म्हणजे विकताना दहा, आणि माझ्याकडून वसूल करताना अठरा! बारा महिन्यांत ३९,००० भरले त्यातले १४,१५० व्याजातच गेलेले.

घरी येऊन रात्री वही घेऊन बसलो तेव्हा उमगलं. आपल्या धंद्यातलंच उदाहरण देतो म्हणजे लगेच कळेल. समजा वखारीत ३६ पोती ठेवली आणि दर महिन्याला एक पोतं काढून नेलं. भाडं कसं द्याल? जेवढी पोती शिल्लक तेवढ्याचंच ना. फ्लॅट व्याज म्हणजे शेवटपर्यंत ३६ पोत्यांचंच भाडं. माझं एक पोतं म्हणजे २,५०० रुपये. शेवटच्या महिन्यात एकच पोतं राहिलं असताना, म्हणजे २,५०० रुपये मुद्दल उरलेलं असताना, त्यावरही व्याज ७५०! महिन्याला तीस टक्के झाले हे. पैसे तर दर महिन्याला परत जातायत, मग तीन वर्षांत सरासरी माझ्याकडं निम्म्याच्या जरा वर रक्कम राहते आणि व्याज मात्र पूर्ण ९० हजारावर. पतसंस्थेचे १४ टक्के होते ते उरलेल्या रकमेवर, तिथं तीन वर्षांचं एकूण व्याज २०,७३६ झालं असतं. इथं २७,०००. चौदा स्वस्त होते आणि दहा महाग.

आबांना सांगितलं. आबा चौथी शिकलेले, टक्केवारी त्यांना कळत नाही, पण त्यांनी विचारलं, "शेकड्याला महिन्याला किती पडलं?" मी भागून बघितलं, १७.९२ भागिले बारा, १.४९. "म्हणजे शेकडा दीडनं काढलंस की रे," म्हणाले आणि गप्प बसले. त्यांच्या वेळी शेकडा दीडनं सावकाराकडून घ्यायचं म्हणलं की घरात दोन दिवस बोलणं चालायचं. आम्ही पेढे वाटले.

आता हिशेब कसा करायचा ते सांगतो, ह्यासाठीच लिहितोय. टक्के बाजूला ठेवा. तीनच गोष्टी विचारा, खरं किती मिळणार (फी, विमा सगळं कापून), हप्ता किती, महिने किती. मोबाईलवर एक्सेल असेल तर त्यात रेट नावाचं फंक्शन आहे, त्यात महिने, हप्ता मायनस करून आणि मिळालेली रक्कम टाकायची, उत्तराला बारानं गुणायचं. माझं ९०,००० धरलं तर १७.९ येतं, आणि कापलेले ४,५०० वजा करून ८५,५०० धरलं तर २१.६ येतं. हा खरा दर. दहा नाही. एक्सेल जमत नसेल तर एक ते तीन वर्षांच्या लोनला फ्लॅट दराला १.८ नं गुणा, जवळपास येतं, फी त्याच्यावर अजून वेगळी. आणि दोन ठिकाणचं कंपेअर करायचं असेल तर सारखी रक्कम, सारखे महिने ठेवून नुसता हप्ता बघा, ज्याचा हप्ता आणि वरचे चार्ज कमी तो स्वस्त, तोंडानं काही का म्हणेना.

अजून एक फार महत्त्वाचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँक असो की फायनान्स कंपनी, सगळ्या नवीन रिटेल लोनला, म्हणजे आपल्यासारख्या माणसांच्या लोनला, केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट, लोनची मुख्य माहिती) नावाचा कागद द्यावाच लागतो. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, फी-विमा धरून वर्षाला खरा दर किती पडतो तो. कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत द्यायचा आणि समजावून सांगायचा असा नियम आहे, मराठीत मागा, लाजू नका. आठवड्याचं किंवा त्याच्या वरचं लोन असेल तर त्यातल्या अटी निदान तीन कामाचे दिवस तशाच ठेवाव्या लागतात, म्हणजे घरी नेऊन, चार जणांना दाखवून मग सही करता येते. "आत्ताच सही करा नाहीतर ऑफर जाईल" म्हणाला तर समजून जा. माझ्या फाईलमध्येही तो कागद निघाला, इंग्रजीत, सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध, त्यावर २१.६५ छापलेलं आणि खाली माझीच सही. मला कोणी वाचून दाखवला नाही आणि मी मागितला नाही.

लोन मी बंद केलं. शेठकडून ८,२२५ उचल घेतली आणि मिटवलं, कारण राहिलेले २४ हप्ते भरले असते तर ७८,००० गेले असते, त्यापेक्षा चार्ज भरूनही ९,७७५ वाचत होते. हा हिशेब पण करून बघा, चार्ज बघून घाबरून लोन चालू ठेवू नका. एनओसी, म्हणजे लोन फिटल्याचा दाखला, घेतली, आरसीवरचा बोजा उतरवायला टाकला, तो विसरायचा नाही, गाडी विकताना अडतं.

न विचारता लावलेल्या विम्याची आणि केएफएस समजावून न दिल्याची तक्रार कंपनीला लेखी दिलीय, पोच घेतलीय. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट तक्रार करता येते, १४४४८ ला फोन केला की कशी करायची ते सांगतात. माझे आज एकवीस दिवस झालेत. पोचेची झेरॉक्स, शेड्यूल आणि त्या पोरानं दहा टक्के लिहून दिलेला तो कागद, तिन्ही एका फाईलला लावून ठेवलेत.